एअरला की सरफेसला?

गेल्या दिवाळीआधी पुतणीला डब्लिनला पाठवलेला फराळाचा खोका चौथ्या दिवशीही भिवंडीतच होता. चौकशी केली तर फोनवरून उत्तर आलं, "काका, डीजी होल्ड आहे. हबला येऊन जा." डीजी म्हणजे जनरेटर एवढंच मला ठाऊक. आमच्या इमारतीत लाइट गेली की तोच चालू होतो. चकलीच्या खोक्याला जनरेटरने का अडवावं, हे कळेना. निघालो.

हब माणकोलीच्या बाजूला, पत्र्याच्या लांबलचक गोदामात. शहापूरकडून रोज कंपनीच्या बसने येणारी एक मुलगी टेबलामागे उभी होती. तिने माझा खोका उघडला आणि तीन वस्तू शिताफीने बाजूला काढल्या: कापराची डबी, सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या, अत्तराची कुपी. "हे तिन्ही एअरला नाही जाणार काका. डीजी आहे." डीजी म्हणजे डेंजरस गुड्स. आमच्या देवघरातलं निम्मं सामान धोकादायक निघालं होतं. ती स्वतः कधी विमानात बसलेली नव्हती, हे नंतर बोलण्यात आलं.

विमानाच्या भाषेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर वैमानिक येतो, हवाई सुंदरी येते, फार तर 'मेडे' हा शब्द येतो. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर तो घराघरांत पोचला. पण त्या भाषेचा मोठा हिस्सा जमिनीवरच बोलला जातो, आणि आपल्याकडे तो काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळच्या गोदामांत रोज दिवसभर कानावर पडतो. मुंबईत जकात होती तेव्हा माल तिच्या हद्दीबाहेर ठेवणं परवडायचं, म्हणून ही गोदामं इथे वाढली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली. आता तिथे ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे डोंगर असतात आणि त्यातला घाईचा माल सहारच्या विमानतळाकडे धावतो.

परक्या शब्दांचं भिवंडीला कधीच वावडं नव्हतं. बीम, बॉबिन, सायझिंग हे यंत्रमागाबरोबर आले आणि इथलेच झाले. तसाच 'एडब्ल्यूबी'. हा मूळचा एअरवे बिल, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाची पावती. तिचा क्रमांक अकरा आकडी असतो: पहिले तीन आकडे विमान कंपनीचे (एअर इंडियाचे ०९८), पुढचे सात मालाचे, आणि शेवटचा पडताळणीचा. त्या सात आकडी संख्येला सातने भागून जी बाकी उरते, तोच शेवटचा आकडा. एक आकडा चुकीचा टाइप झाला तर बहुतेक वेळा हिशेब जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. कुरिअरवाल्यांनी आपापले क्रमांक वेगळे केले, पण नाव तेच ठेवलं. आज भिवंडीहून ट्रकने नाशिकला जाणाऱ्या साडीच्या पाकिटालाही 'एडब्ल्यूबी' असतो, आणि त्यात हवेचा काही संबंध नाही याचं कोणाला काही वाटत नाही. हवेने न जाणारं ते सगळं 'सरफेस'. या एअर-सरफेसच्या वाटणीवरच त्या मुलीची नोकरी आहे.

वाटणीमागचं कारण साधं आहे. ट्रकमध्ये धूर दिसला तर ड्रायव्हर कसाऱ्याच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन उडी मारू शकतो. विमानाला कड नसते. त्यात वर हवेचा दाब कमी झाला की सैल बुचाची बाटली गळते, आणि मालाच्या कप्प्यात बघायला कोणी बसलेलं नसतं. म्हणून जगभरात धोकादायक मालाचे नऊ वर्ग पाडले आहेत आणि त्यातल्या प्रत्येक पदार्थाला संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला चार आकडी 'यूएन नंबर' आहे. आपल्याकडे यासाठी २००३ पासून वेगळे नियम आहेत.

ती यादी मी नंतर चवीने वाचली. पहिल्या वर्गात स्फोटकं. आपली फुलबाजी तिथेच. कापूर ४.१ मध्ये, पेट घेणारा घन पदार्थ, यूएन २७१७. अत्तर तिसऱ्या वर्गात ज्वलनशील द्रवांबरोबर, यूएन १२६६. खोबरं ४.२ मध्ये, यूएन १३६३: आपोआप तापून पेटू शकणारा पदार्थ. खोबऱ्यात तेल भरपूर, आणि दमट ढिगात ते हवेशी संयोग पावत आतल्या आत तापत जातं. माझ्या दोन वाट्यांनी विमान पेटलं नसतं हे खरं, पण नियम पोत्याचा विचार करतो, वाटीचा नाही. डॉक्टरांच्या जुन्या रक्तदाबाच्या यंत्रातला पारा आठव्या वर्गात आहे. तो पेटत नाही, पण अॅल्युमिनियमला लागला की धातू पोखरत जातो, आणि बहुतेक विमानांचा सांगाडा मुख्यतः अॅल्युमिनियमचाच असतो.

नववा वर्ग म्हणजे 'इतर'. सरकारी कागदात 'इतर' हा रकाना दुर्लक्षासाठी असतो. इथे मात्र सगळ्यात जास्त झोप उडवणारी वस्तू त्यात आहे, लिथियमची बॅटरी. सुटी लिथियम-आयन बॅटरी यूएन ३४८०, यंत्रात बसवलेली किंवा यंत्रासोबत बांधलेली ३४८१. एक सेल बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. याला 'थर्मल रनअवे' म्हणतात. वरची ज्वाळा विझवली तरी आतली उष्णता थांबत नाही. म्हणून १ एप्रिल २०१६ पासून सुट्या बॅटऱ्यांना प्रवासी विमानाच्या मालकप्प्यात बंदी आहे. मालवाहू विमानातून न्यायच्या तर चार्ज ३० टक्क्यांच्या वर नको. खोक्यावर केशरी-काळं लेबल लागतं, 'कार्गो एअरक्राफ्ट ओन्ली'. गोदामात त्याचं 'सीएओ' होतं.

प्रवाशाची पॉवर बँकही याच कारणाने हातातल्या बॅगेतच न्यायची असते. पेटलीच तर निदान माणसांच्या डोळ्यांसमोर पेटावी. तिची मर्यादा १०० वॅट-अवर, त्यापुढे १६० पर्यंत कंपनीची परवानगी घेऊन. वॅट-अवर काढायचा हिशेब सोपा: एमएएचला व्होल्टने गुणायचं, हजाराने भागायचं. वीस हजार एमएएचची, ३.७ व्होल्टची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची होते.

हे सगळं कोणाच्या डोक्यातून नुसतं निघालेलं नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मालवाहू विमानात आग लागली. आत हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. कॉकपिट धुराने इतकं भरलं की वैमानिकांना समोरचे काटे दिसेनात, दोघेही गेले. चौकशीत आढळलं की निदान तीन खेपा नवव्या वर्गात जाहीर करायला हव्या होत्या आणि केलेल्या नव्हत्या. ती आग कोणत्या खेपेने लावली ते सोडा. कागदावर शब्द नव्हता, एवढं नक्की.

त्याहून मला छळते ती ११ मे १९९६ ची गोष्ट. मायामीहून अटलांटाला निघालेलं व्हॅल्यूजेटचं डीसी-९ विमान काही मिनिटांतच एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली. मालकप्प्यात पाच खोके होते. कागदावर लिहिलेलं होतं, ऑक्सिजनचे डबे, रिकामे. ते रिकामे नव्हते. जुन्या विमानांतून काढलेले ते ऑक्सिजन जनरेटर होते, जे चालू झाले की प्रचंड तापतात आणि आगीला ऑक्सिजनही स्वतःच पुरवतात. बहुतेकांची मुदत संपली होती, पण आतलं रसायन तसंच होतं. इंग्रजीत यासाठी दोन शब्द आहेत, एक्स्पायर्ड आणि एक्स्पेंडेड: पहिला मुदत उलटलेल्याचा, दुसरा वापरून झालेल्याचा. कारखान्यातल्या कामगारांच्या हाताखालून जाताना हा फरक पुसला गेला, आणि पुढे माल पाठवणाऱ्याने सरळ 'रिकामे' लिहिलं.

हे वाचताना मी थबकलो, कारण मराठीत तर दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. औषध संपलं म्हणजे बाटलीतलं संपलं की तारीख संपली? डिओडरंटचा डबा संपला, म्हणजे फवारा येत नाही, पण आत वायू आहेच. भिवंडीच्या गोदामात परत आलेल्या मालावर कोणी 'संपलेला' असं लिहिलं तर काय समजायचं? वायुमार्ग-देयक, घातक-माल-घोषणापत्र असले शब्द घडवण्यात आपली शक्ती जाते. एडब्ल्यूबीने कोणाचं काही अडलेलं नाही. अडतं ते 'संपलेला'पाशी. 'मुदत उलटलेला' आणि 'वापरून रिकामा' हे दोन साधे शिक्के गोदामात असते, तर मी म्हणेन भाषा खात्याने पगाराचं काम केलं.

आकाशातल्या बोलण्यानेही हा धडा असाच, किंमत मोजून घेतला. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. उड्डाणाचा मार्ग सांगणाऱ्या सूचनेत 'टेक-ऑफ' हा शब्द आला होता आणि कॅप्टनने तीच परवानगी धरली. तेव्हापासून तो शब्द प्रत्यक्ष परवानगीपुरताच राखून ठेवलेला आहे. एरवी 'डिपार्चर' म्हणतात. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर दोन विमानं हवेत भिडली, ३४९ गेले. सौदी विमान चौदा हजार फुटांवर, कझाक विमानाने पंधरा हजारांवर थांबायचं होतं, पण ते खाली येत राहिलं. कझाक वैमानिकांचं कच्चं इंग्रजी तेव्हा चर्चेत आलं. पुढे वैमानिक आणि नियंत्रकांसाठी जगभर इंग्रजीची परीक्षा आली; तिच्या सहा पायऱ्यांतली चौथी तरी गाठावी लागते.

नाव सांगायचं तर त्यांची बाराखडीही ठरलेली. भिवंडी म्हणजे ब्राव्हो, हॉटेल, इंडिया, व्हिस्की, अल्फा, नोव्हेंबर, डेल्टा, इंडिया. खरखरीत रेडिओवर एक अक्षर दुसऱ्यासारखं ऐकू येऊ नये म्हणून असे शब्द निवडले. हबमधली मुलगी फोनवर पत्ता सांगत होती तो "बी फॉर बॉम्बे" करत, पण काम तेच.

माझा खोका तिने पुन्हा बांधायला घेतला. वरच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, 'फराळ व घरगुती वस्तू'. तिने त्यावर काट मारली. "घरगुती म्हटलं की काहीही येतं काका. एकेक लिहा." मी लिहायला लागलो: चकली, शंकरपाळे, चिवडा, अनारसे, करंजी.

"करंजीत काय?"

"खोबरं," मी म्हणालो आणि पेन थांबलं.

तिने क्षणभर विचार केला. "किसून भाजलेलं ना? मग ते जातं. पण लिहा तसं."

मी तसं लिहिलं. कापूर, अत्तर आणि दोन वाट्या पिशवीत घालून मी सरफेसने घरी आलो.