भाड्याचें घर आणि पोहण्याचा तलाव

अहेरीकरांना पोहावयास प्राणहिता नदी आहे. तिला भाडें पडत नाहीं. मुलांच्या शिक्षणासाठीं नागपुरास बिऱ्हाड करावयाचें झालें, म्हणजे तलाव असलेल्या इमारतींतील फ्लॅटचें मोल कळतें. पाणी गाळणें, क्लोरीन घालणें, जीवरक्षक ठेवणें हा खर्च सर्व बिऱ्हाडांवर वांटला जातो. बिऱ्हाडें जितकीं अधिक, तितका वांटा हलका. हा वांटा भाड्यांत धरला आहे काय, व भाडेकरूस तलाव खुला आहे काय, हें करारांत लिहून घ्यावें. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणें करार लेखी व नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. एवढेंही परवडत नसेल, तर सार्वजनिक तलावानजीक साधें घर पाहावें. मुंबईंत दादरला महापालिकेचा असा तलाव आहे.