काशीदहून निघताना गाडीवरचं मीठ

काशीदच्या किनाऱ्यावर गाडी सुरूच्या सावलीत लावली, पाण्याजवळ नेली नाही, म्हणजे तिला काही झालं नाही असं आपण धरून चालतो. संध्याकाळी पुढच्या काचेवरून बोट फिरवून बघा, चिकट लागेल. लाटा फुटताना उडालेले बारीक तुषार वाऱ्याबरोबर येतात आणि त्यांतलं मीठ पत्र्यावर बसतं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. 15 लिटरची बादली आटवली तर अर्धा किलो. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल सतत ओढतं. त्यामुळे वरून सुकलेली गाडी चाकांच्या कमानीत आणि दारांच्या खालच्या कडेला ओलीच राहते, आणि खाऱ्या ओलाव्यात लोखंड गोड्या पाण्यापेक्षा लवकर गंजतं.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. तिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि तेच गाडीच्या बुडाला चिकटतं. शिवाय टपावरचा बर्फ झाडल्याशिवाय निघणं तिथे कायद्यानेच गुन्हा, कारण वेगात तो मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन आदळतो. आपल्याकडे टपावर बर्फ नसतो, पण वाळूने भरलेली चटई टपावर बांधून साळाव पुलाकडे सुटणारे असतात. मागच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांचा विचार करा आणि चटई तिथेच झटका, वाऱ्याची दिशा आणि शेजारी कोण बसलंय ते बघून.

आता साफसफाई. सगळ्यांचा हात आधी फडक्याकडे जातो, आणि चूक तिथेच होते. वाळूतले गारगोटीचे कण काचेपेक्षा कठीण असतात. कोरडं फडकं फिरवलं की रंगावर बारीक गोल ओरखडे उठतात. कोरडा वायपर चालवला तर काचेवर कमानीसारखा चरा पडतो, आणि मावळतीचं ऊन समोरून आलं की नेमका तोच चमकतो. म्हणून आधी मऊ ब्रशने हलकेच झाडायचं, मग भरपूर पाणी ओतायचं, फडकं सगळ्यात शेवटी. निघण्यापुरतं करायचं असेल तर पुढची-मागची काच, आरसे आणि दिवे एवढं बाटलीभर पाण्यात होतं.

वायपरखालच्या जाळीकडे मात्र कोणी बघत नाही. सुरूच्या सुईसारख्या काड्या तिथे अडकून खालची भोकं बुजवतात. पुढच्या पावसात पाणी तुंबतं आणि काही गाड्यांत थेट आत पायाशी उतरतं. त्या काड्या बोटांनी उचला, पाण्याने आत ढकलू नका.

आत बसण्याआधी पाय झटका. ओला, वाळू लागलेला तळवा ब्रेकवरून घसरतो, आणि सरकलेली मॅट पेडलखाली अडकते. मुरूड-अलिबाग रस्त्याच्या वळणांवर हे दोन्ही नको.

पूर्ण धुणं घरी किंवा सर्व्हिसिंगवाल्याकडे, शक्यतो दुसऱ्या दिवशीच. गावच्या विहिरीवर किंवा सार्वजनिक नळावर गाडी धुवायला लावू नये. उन्हाळ्यात तिथे पिण्याच्या पाण्याचीच ओढ असते. घरगुती मुक्कामाला असाल तर यजमानांना विचारा, आणि त्यांनी बादलीभर पाणी दिलं तर वाळू त्यांच्या मोरीत सोडू नका. ती बसते आणि नंतर त्यांनाच उपसावी लागते.

धुताना वरपेक्षा खाली जास्त वेळ द्या: चाकांच्या कमानी, बूड, दारांच्या तळाची बारीक भोकं. ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतील तर त्यांवर गार पाणी मारू नका, निवू द्या. रेडिएटरच्या जाळीवर जोराची धार नको, पातळ पट्ट्या वाकतात. धुऊन झाल्यावर गाडी सावकाश चालवत दोनतीनदा ब्रेक हलकेच दाबा, म्हणजे डिस्कवरचं पाणी उडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका, पहिल्या काही ब्रेकमध्ये तो घासून जातो.