पेशीनाशाची मुदत

विषाणूने पेशी मारली, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु पेशी कशी मारावयाची याइतकाच ती केव्हा मारावयाची हा प्रश्नही विषाणूच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो, आणि त्याचा निकाल लागतो तो पेशीला वेढणाऱ्या, मेदद्रव्याच्या अवघ्या दोन रेणूंइतक्या जाडीच्या पटलात.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स देरेल यांनी १९१७ साली रक्ती आवेच्या जीवाणूंचा संहार करणाऱ्या एका अदृश्य घटकाचे वर्तमान प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांना दिसला तो या व्यवहाराचा केवळ अखेरचा परिणाम: जीवाणूंनी गढूळ झालेला द्राव निवळून पाण्यासारखा स्वच्छ होतो. त्याआधी आत काय घडते, हे कळण्यास पुढे अनेक दशके जावी लागली. आणि ते ज्याच्यामुळे विशेष स्पष्ट झाले, तो एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ साली उजेडात आणलेला लॅम्डा नावाचा जीवाणुभक्षक, म्हणजे जीवाणूंना ग्रासणारा विषाणू.

लॅम्डाने ई. कोलाय या जीवाणूला ग्रासून संहाराचा मार्ग धरला, की साधारण पन्नास मिनिटांत जीवाणू फुटतो आणि शंभराच्या आसपास नवे विषाणू बाहेर पडतात. या अवधीत जीवाणूची भित्तिका विरघळवू शकणारे विकर आत तयार होऊन साचत असते. पण भित्तिका आतल्या पटलाच्या पलीकडे, आणि ते पटल ओलांडण्याची ताकद विकरात नाही. वाट करून देण्याचे काम होलिन नावाच्या, १०५ अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनाकडे असते. ते पटलात साचत राहते, तरी जीवाणूचा श्वसनव्यापार बिनतक्रार चालू असतो. आणि मंद आचेवरचे दूध बराच वेळ निश्चल राहून एकाएकी उतू जावे, तशी मुदत भरताच होलिनचे रेणू एकवटून पटलाला प्रचंड भगदाडे पाडतात. मग विकर भित्तिका विरघळवते, स्पॅनिन ही प्रथिने बाहेरच्या पटलाचा बंदोबस्त करतात, आणि जीवाणू फुटतो.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ती ही मुदत. होलिनमधील एकच अमिनो आम्ल बदलले, तर स्फोट लांबतो किंवा इतका अलीकडे येतो, की आत एकही विषाणू घडलेला नसतो आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो. त्याच जनुकापासून दोन अमिनो आम्लांनी लांब असे दुसरे प्रथिनही निर्माण होते, आणि ते होलिनलाच आवर घालते. सायनाइडसारख्या विषाने पटलावरचा विद्युत्दाब नाहीसा केला, तर मात्र होलिन मुदतीची वाट न पाहता तत्काळ भगदाडे पाडते.

मानवी पेशीला भित्तिका नसल्यामुळे तेथील रीत निराळी. गोवराचा विषाणू तर शेजारच्या पेशींची पटले एकमेकांत मिसळून अनेक केंद्रकांची महाकाय पेशी घडवितो.

जीवाणूची भित्तिका विरघळवणारे जे विकर आतून बाहेर पडण्यासाठी होलिनवर अवलंबून असते, तेच बाहेरून लावले तर? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात व्हिन्सेंट फिशेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली घशाच्या विकारास कारण होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंवर दुसऱ्या एका भक्षकाचे असे विकर वापरले, तेव्हा त्याच्या अवघ्या १० नॅनोग्रॅमने सुमारे एक कोटी जीवाणू पाच सेकंदांत नष्ट झाले. या जीवाणूंना बाहेरचे पटल नसते, ई. कोलायला ते असते, आणि म्हणून त्याच्यावर असा इलाज अधिक अवघड ठरतो.