कोणत्या इयत्तेला कोणतें पुस्तक ?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, कीं पुस्तकांच्या दुकानांत एक संवाद हटकून ऐकूं येतो. "आमची मुलगी आतां सहावींत जाईल. सहावीचें असें कांहीं अवांतर पुस्तक द्या." दुकानदार तीन-चार पुस्तकें पुढें टाकतो. पालक किंमत पाहतात, पृष्ठें मोजतात, मलपृष्ठावर 'संस्कारक्षम' हा शब्द आढळला म्हणजे समाधान पावतात, आणि पुस्तक घरीं जातें. ज्या मुलीकरितां तें घेतलें ती बहुधा तेथें नसते. आणि असली, तरी तिला कोणी विचारीत नाहीं.

श्रोतेहो, आज मी इयत्तावार कांहीं पुस्तकांचीं नांवें सांगणार आहें. परंतु नांवें सांगण्यापूर्वीं, इयत्ता या गोष्टीवर भरंवसा किती ठेवावा, याचा थोडा विचार करणें अवश्य आहे. इयत्ता ही शाळेच्या सोयीची वस्तु आहे. साधारणतः एका वयाचीं मुलें एका खोलींत बसवावीं, एवढाच तिचा अर्थ. तीं सर्व सारखेंच वाचूं शकतात, असा नव्हे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानें ग्रामीण भागांतील शिक्षणाची 'असर' नांवाची पाहणी होत असते. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें देशांतील खेड्यांमधील पांचवीच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें ४९ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतां आला. म्हणजे पांचवीच्या वर्गांत बसलेल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या हातीं 'पांचवीकरितां योग्य' असें पुस्तक दिलें, तर तें त्यांना बंद पेटीसारखेंच आहे. आणि त्याच बाकावर एखादी अशीहि मुलगी असते, कीं जी मोठ्या भावाचें आठवीचें वाचनपुस्तक शाळा उघडण्यापूर्वींच संपवून बसली आहे.

या बाबतींत माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. एका शाळेंत कांहीं वर्षें पुस्तकांचें कपाट माझ्या स्वाधीन होतें. व्यवस्थेच्या हौसेनें मी प्रत्येक खणावर चिठ्ठी डकविली : 'पहिली ते तिसरी', 'चौथी व पांचवी', याप्रमाणें. सातवींतला एक मुलगा दर शनिवारीं जाडसें पुस्तक नेई व पुढच्या शनिवारीं परत आणी. नोंदवहींत त्याच्या नांवापुढें पुस्तकांची रांग लागली, आणि मला मोठें कौतुक वाटूं लागलें. एकदां सहज मीं त्याला विचारलें, "गोष्ट कशी काय वाटली ?" तो खालीं पाहूं लागला. त्यानें त्यांतलें एकहि पुस्तक वाचलें नव्हतें. त्याला तें वाचतांच येत नव्हतें. त्याला हवीं होतीं खालच्या खणांतलीं मोठ्या अक्षरांचीं, चित्रांचीं पुस्तकें. पण तेथें माझी चिठ्ठी होती, आणि ती चिठ्ठी वर्गांतल्या सर्व मुलांना वाचतां येत होती. त्या दिवशीं मीं चिठ्ठ्या काढून टाकल्या. तो मुलगा त्यानंतर वर्षभर खालच्या खणांतलींच पुस्तकें नेत असे, आणि नेलेलीं खरोखरच वाचीत असे.

तेव्हां यादी हवी, परंतु ती पालकांच्या व शिक्षकांच्या खिशांत असावी. मुलाच्या कपाळावर नसावी. पुस्तक पेलेल कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी रीत आहे. मुलाला मधलें एखादें पान उघडून वाचूं द्यावें. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावें. पान संपण्यापूर्वीं पांचहि बोटें मिटलीं, तर तें पुस्तक तूर्त आपण वाचून दाखवावें. एकहि बोट मिटलें नाहीं, तरी हरकत नाहीं. सोपें पुस्तक वाचण्याचा आनंद मोठीं माणसें घेतात, तो मुलांनीं कां घेऊं नये?

आतां इयत्तांकडे वळूं. पहिली-दुसरीच्या मुलांचा कान त्यांच्या डोळ्यांच्या फार पुढें असतो. जी गोष्ट त्यांना वाचावयास वर्षभर लागेल, ती ऐकून त्यांना आज समजते. म्हणून या वयांत निम्में वाचन आईबापांचें असावें. चिऊकाऊच्या, बुडबुड घागरीच्या गोष्टी तोंडानें सांगाव्या आणि मग त्याच छापील रूपांत हातीं द्याव्या. ओळखीची गोष्ट अक्षरांत भेटली म्हणजे मूल अक्षरांना भीत नाहीं. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या पुस्तकमालेंतील घर, त्यांतील आई, बाबा, आजी, हीं मुलांना स्वतःच्याच घरचीं वाटतात, आणि चित्रेंहि त्यांचींच आहेत. कविता मात्र या वयांत मुबलक हवी. विंदा करंदीकरांचीं 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले' हीं पुस्तकें १९६१ सालचीं आहेत. ज्या कवीनें प्रौढांकरितां इतकें गंभीर लिहिलें, त्यानें मुलांसाठीं असा निखळ वात्रटपणा केला याचें मला नेहमीं नवल वाटत आलें आहे. कवितेचा अर्थ विचारूं नये. ती म्हणावी, म्हणवून घ्यावी, आणि सोडून द्यावी.

तिसरी-चौथींत मूल एकटें वाचूं लागतें. येथें संख्येला महत्त्व आहे : लहान लहान, पुष्कळ पुस्तकें. इसापाच्या गोष्टी आहेतच. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं त्या मराठींत आणल्या त्याला आतां दोनशें वर्षें होत आलीं. त्यांच्या 'बाळमित्रा'चें सालहि १८२८ च. या वयांत नाटुकलीं मोठ्यानें वाचण्याची मुलांना फार हौस असते. रत्नाकर मतकरींचें 'अलबत्या गलबत्या' घरांतल्या चार माणसांत वांटून घेऊन वाचावें. चेटकिणीचें काम आजोबांकडे द्यावें.

पांचवी ते सातवी हा वाचनाचा खरा सुगीचा काळ होय. वाचनाचा वेग आलेला असतो, परीक्षेचा धाक अजून दूर असतो, आणि मूल एकाच पात्राच्या मागें पुस्तकामागून पुस्तक धांवत जाण्यास तयार असतें. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच कारणानें अमर झाला. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनांत शिकतो, सायकल हाणतो, संकटांत सांपडतो आणि 'ट्टॉक्' करून बाहेर पडतो. कांहीं गृहस्थ म्हणतात, यांत बोध कोणता ? माझें म्हणणें असें, कीं ज्या पुस्तकानें मुलाला वीस पुस्तकें आपण होऊन वाचावयास लावलीं, त्याच्याकडे आणखी बोध मागणें हा लोभ झाला. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' त्याहून जुना व शांत. परक्या घरीं येऊन घरचा झालेला तो अनाथ मुलगा आजच्या मुलांनाहि परका वाटत नाहीं. मात्र भाषेंतले कांहीं शब्द समजावून द्यावे लागतात. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' तर आपल्या आकाशवाणीवरच जन्मला, आणि तेथून पुस्तकांत गेला. वाचून दाखविण्यास तो फार चांगला, याचें कारण हेंच असावें.

'श्यामची आई'विषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे, कारण पालकांच्या यादींत तें पुस्तक नेहमीं पहिलें असतें आणि पुष्कळदां तें चुकीच्या वेळीं दिलें जातें. साने गुरुजींनीं तें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें, व १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. श्याम रोज रात्रीं आपल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. तिसरींतल्या मुलाला तें 'चांगल्या वळणाकरितां' म्हणून देणें मला पसंत नाहीं. त्यांतलें दारिद्र्य, कर्ज, जप्तीची भीति, आणि अखेरीस आईचें मरण, हीं सोसण्यास थोडें वय लागतें. शिवाय मूल एकटें वाचील तर केवळ रडेल. सहावी-सातवींत, सबंध घरानें, रात्रीं एकेक प्रकरण याप्रमाणें तें वाचावें. पुस्तकाची मांडणीच तशी आहे. अळणी भाजीचें प्रकरण वाचल्यावर जेवणाच्या ताटावर काय बोलणें निघतें तें पाहावें. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई शिक्षा करते तें प्रकरणहि टाळूं नये. आईनें मारावें कीं नाहीं, यावर आजचीं मुलें वाद घालतात, आणि तो वाद घालूं द्यावा. पुस्तकाला त्यानें कमीपणा येत नाहीं.

याच वयाकरितां 'तोत्तोचान' हें जपानी पुस्तक सुचवितों. तेत्सुको कुरोयानागी यांनीं तें १९८१ सालीं प्रसिद्ध केलें, आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांनीं तें सुरेख मराठींत आणलें. पहिल्या शाळेनें काढून टाकलेली एक खोडकर मुलगी आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेंत जाते, आणि तेथील मुख्याध्यापक पहिल्याच दिवशीं तिचें सारें बोलणें ऐकून घेतात. मुलांइतकेंच तें शिक्षकांनींहि वाचण्याजोगें आहे. एखाद्या मुलाला सबंध पुस्तकाचा कंटाळा असेल, तर 'वाचू आनंदे' या संग्रहांचे चार भाग घरीं आणून ठेवावे. एकेका विषयावरचे निरनिराळ्या लेखकांचे लहान उतारे आणि सोबत चित्रें. कोठूनहि उघडावें व कोठेंहि थांबावें.

आठवी आली, कीं वाचन तुटतें. शिकवण्या सुरू होतात, हातांत भ्रमणध्वनि येतो, आणि घरांत 'आतां अवांतर पुरे' हें वाक्य ऐकूं येऊं लागतें. माझ्या मतें सर्वांत मोठी हानि येथें होते. ज्या वयांत माणूस 'मी कोण' हें विचारूं लागतो, त्याच वयांत आपण त्याच्या हातून गोष्ट काढून घेतों व मार्गदर्शिका देतों. शहरांतील इंग्रजी शाळांमधून शिकणाऱ्यांचें तर मराठी वाचन येथें कायमचेंच संपतें. महाराष्ट्रांत २०२० च्या कायद्यानें सर्व शाळांतून दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. परंतु सक्तीनें विषय शिकवितां येतो. कादंबरी वाचवितां येत नाहीं.

या वयाला लहानांचीं पुस्तकें पुरत नाहींत आणि मोठ्यांचीं सर्वच द्यावींत असेंहि नाहीं. तरी निवड करण्यास जागा आहे. वीणा गवाणकरांचें 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून अनेक घरांत याच वयांत वाचलें गेलें आहे. गुलामींत जन्मलेलें पोर पुढें टस्कीगी येथें कृषिशास्त्राचा थोर संशोधक होतें, ही कथाच अशी आहे कीं शास्त्राकडे न वळणारें मूलहि ती संपविल्याशिवाय ठेवीत नाहीं. विज्ञानकथेची गोडी लावावयाची, तर जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह नववीला योग्य. व्यंकटेश माडगूळकरांचें 'सत्तांतर' (१९८२) लहानसें आहे. वानरांच्या टोळ्यांमधील सत्तेचा झगडा त्यांत आहे. तो क्रूर आहे, हें आधीं सांगून ठेवतों. पण चौदाव्या वर्षीं मुलांना क्रौर्य ठाऊक नसतें, ही आपली समजूत आहे, त्यांची नव्हे. त्यांचीच 'बनगरवाडी' (१९५५) दहावीकरितां ठेवावी. धनगरांच्या वस्तींत नेमणूक झालेला कोंवळा मास्तर, तालीम बांधण्याचा त्याचा खटाटोप आणि अखेर दुष्काळानें उठून गेलेलें गांव. सोळाव्या वर्षीं वाचलेलें हें पुस्तक साठाव्या वर्षींहि सोबत राहतें.

प्र. ई. सोनकांबळे यांचें 'आठवणींचे पक्षी' (१९७९) शाळांच्या याद्यांत क्वचित् दिसतें, हें मला खटकतें. पोरका, अस्पृश्य म्हणून लोटलेला मुलगा शाळेकरितां जें सोसतो तें त्यांत आहे, आणि तें कोठेंहि आरडाओरड न करितां सांगितलें आहे. शिक्षण ज्यांना सहज मिळालें त्यांच्या मुलांनीं तें अवश्य वाचावें. ज्यांना तें झगडून मिळालें, त्यांच्या मुलांना त्यांत आपलीं माणसें भेटतील. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तील निवडक प्रकरणें त्यासोबत द्यावीं, म्हणजे दुःख हंसत हंसतहि सांगतां येतें हें कळेल. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) नववी-दहावीच्या मुलांच्या हातीं पाहून कांहीं पालक दचकतात. आणीबाणीच्या काळांतलीं नववीचीं मुलें, त्यांची भाषा आणि त्यांचें पहिलें प्रेम त्यांत आहे. दचकणाऱ्यांनीं ती आधीं स्वतः वाचावी, मग मुलांशीं बोलावें. लपवून ठेवलेलें पुस्तक तीं वाचणारच आहेत, फरक इतकाच, कीं मग तीं तुमच्याशीं त्याविषयीं बोलणार नाहींत.

खर्चाचा प्रश्न राहिला. प्रत्येक घरीं इतकीं पुस्तकें विकत घेणें शक्य नाहीं, याची मला जाणीव आहे. पाठ्यपुस्तक मंडळाचें, म्हणजे बालभारतीचें 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे. त्याची वर्गणी घरांतल्या कोणत्याहि वर्गणीहून हलकी वाटेल, आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचावयास ठेवलेले आहेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्याचा विशेष उपयोग होईल. अगदीं लहानांकरितां 'स्टोरीवीव्हर' या संग्रहांत मराठी गोष्टी चार पायऱ्यांनीं लावून ठेवल्या आहेत, आणि त्याहि फुकट. तेथें पायरी लिहिलेली असते, इयत्ता नव्हे. ही गोष्ट मला फार आवडली. आणि पांचगणीकडे जाणें झालें, तर २०१७ सालीं पुस्तकांचें गांव म्हणून नांवारूपास आलेल्या भिलार येथें अर्धा दिवस मोडावा. तेथें घराघरांतून पुस्तकें मांडलेलीं आहेत. मुलांना मोकळें सोडावें, आणि तीं कोणत्या घरांत सर्वांत अधिक वेळ बसतात तेवढें दुरून पाहावें.