कांजिण्या : पालकांची जागरणे व शिक्षकांचे कर्तव्य



हिवाळा सरून फाल्गुन-चैत्राचे ऊन तापू लागले की सिल्लोड तालुक्यातील एखाद्या खेड्यात शाळेतील मुलाच्या अंगावर पाणीदार फोड दिसतात, आणि दोन-तीन आठवड्यांत वर्गातील आणखी काही मुले अंथरूण धरतात. घरची वडील माणसे म्हणतात, “माता आली.” आपण म्हणतो, “कांजिण्या आहेत, आठवड्यात बरे वाटेल.” बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते. परंतु या ‘बहुतेकां’बाहेर राहिलेले एखादे मूल आपल्याच पटावर असू शकते, हे विसरून चालणार नाही.

१९६४ साली मिचिआकी ताकाहाशी हे जपानी वैद्य अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी विषाणूंचा अभ्यास करीत होते. सोबत खेळणाऱ्या एका मुलीपासून त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या. पुरळ तोंडावरून सर्वांगावर पसरले, ताप चढत गेला, श्वास घेणेही जड होऊ लागले. आईबाप रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून राहिले. विषाणू हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय, त्या पित्याजवळही तेव्हा यावर प्रतिबंधक उपाय नव्हता. सुदैवाने मूल बरे झाले. मायदेशी परतल्यावर ताकाहाशी यांनी याच रोगाच्या मागे लागून १९७४ साली कांजिण्यांवरील पहिली लस सिद्ध केली. ज्या मुलाच्या फोडातील विषाणूपासून ती तयार झाली, त्याच्या ‘ओका’ या आडनावानेच तो वाण आजही ओळखला जातो.

कांजिण्या म्हणजे देवी नव्हेत. देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला व १९८० साली जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. कांजिण्यांचे फोड छाती-पाठीवर अधिक असतात व टप्प्याटप्प्याने येतात. त्यामुळे लाल ठिपका, पाणीदार फोड व खपली ही तिन्ही एकाच वेळी दिसतात. संसर्गानंतर १० ते २१ दिवसांत रोग प्रकट होतो. पुरळ उठण्यापूर्वी एक-दोन दिवसच मूल रोग पसरवू लागते. म्हणून “तुझ्यामुळे सर्वांना झाले” असे कोणत्याही मुलास कोणी म्हणू नये. रोग बरा झाल्यावरही विषाणू शरीरात सुप्त राहतो व उतारवयात नागिणीच्या रूपाने उठू शकतो.

आता आपले कर्तव्य. पुरळ दिसताच मुलास प्रेमाने घरी पोचवावे व सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, शाळेत बोलावू नये. या दिवसांतील गैरहजेरीबद्दल त्यास बोल लावू नये; बुडालेला अभ्यास मागाहून भरून द्यावा. घरात गरोदर स्त्री अथवा तान्हे बाळ असल्यास तेथे विशेष सावध करावे, कारण त्यांना हा रोग अधिक धोक्याचा असतो.

उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवण्याची रीत आहे. तिची थट्टा करू नये. मात्र पाल्यावरच विसंबू नये, हे समजावून सांगावे. नखे कापावीत, पाणी व पेज भरपूर द्यावी, कोमट पाण्याने अंग स्वच्छ ठेवावे. तापावर ॲस्पिरिनची गोळी मुलास कदापि देऊ नये. तिच्यामुळे मेंदू व यकृतास गंभीर इजा होण्याचा धोका असतो. आयबुप्रोफेनही टाळावे. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच द्यावे.

धाप लागणे, गुंगी येणे, चालताना तोल जाणे, वारंवार उलट्या होणे, मान ताठणे, चार दिवसांनंतरही ताप न उतरणे किंवा फोडांभोवती कातडी लाल व गरम होऊन पू धरणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास रात्र उलटण्याची वाट न पाहता मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा सिल्लोड येथील शासकीय रुग्णालयात न्यावे.

गोवर-रुबेलाच्या लसीने कांजिण्या टळत नाहीत. कांजिण्यांची लस वेगळी असून ती शासनाच्या नियमित लसीकरणात समाविष्ट नाही. तिच्याविषयी पालकांनी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

शेतावर जाणाऱ्या आईबापांना ही चिन्हे कोणी सांगितलेली नसतात. पुढील पालकसभेत ती वाचून दाखवावीत व शाळेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावीत, ही विनंती.