पित्ताचं इंजेक्शन : कोणतं, कशासाठी आणि किती दिवस?

नाशिककडे अंगावर पित्त उठलं की आधी आमसुलाचं पाणी चोळतात, मग मेडिकलमधून गोळी आणतात. तरी खाज थांबली नाही तर जवळच्या दवाखान्यात जाऊन ‘पित्ताचं इंजेक्शन’ घेतात. दोन-चार दिवसांचं पित्त एवढ्यात निघूनही जातं. पण सहा आठवडे उलटूनही जवळजवळ रोज गांधी उठत असतील, तर ते जुनाट शीतपित्त, म्हणजे क्रॉनिक अर्टिकेरिया. शंभरात एखाद्याला होणारा हा आजार बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसतो. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी ओमालिझुमॅब हे इंजेक्शन आहे. दम्यासाठी ते आधीपासून होतंच. या आजारासाठी अमेरिकेत आणि युरोपात त्याला 2014 मध्ये मंजुरी मिळाली. त्याच्याविषयी रुग्णांमध्ये बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : पोटातलं पित्त वाढलं की अंगावर उठतं.
वस्तुस्थिती : ॲसिडिटीचा याच्याशी संबंध नाही. त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि त्वचा फुगून खाजते. अनेक रुग्णांत या पेशींना डिवचणारी आपलीच प्रतिकारशक्ती असते. थायरॉइडचा विकारही सोबत आढळतो तो त्यामुळेच. वांगं, अंडं, शेंगदाणे वर्षानुवर्षं सोडूनही बहुतेकांना फरक पडत नाही आणि ॲलर्जीच्या महागड्या तपासण्यांतूनही सहसा काही हाती लागत नाही. द्राक्षबागेतल्या फवारणीवर संशय येणं साहजिक आहे. पण हंगाम संपून महिने लोटले तरी गांधी येतच असतील, तर कारण बागेत शोधू नये. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी मात्र काहींचा त्रास नक्की वाढतो.

गैरसमज : हेही दवाखान्यातल्या इंजेक्शनसारखंच, स्टेरॉइड.
वस्तुस्थिती : दवाखान्यात बहुधा एव्हिल आणि डेक्सा देतात. एव्हिल झोप आणणारं जुनं अँटिहिस्टामिन आहे, तर डेक्सा स्टेरॉइड. खाज तासाभरात शमते, दोन दिवसांनी पुन्हा येते. आणि वारंवार डेक्सा घेतल्याने साखर, रक्तदाब, हाडं यांना झळ पोहोचते. ओमालिझुमॅब स्टेरॉइड नाही. रक्तातल्या आयजीई या प्रतिपिंडाला ते पकडून ठेवतं, त्यामुळे मास्ट पेशी सहजासहजी भडकत नाहीत. साधारणपणे 300 मिलिग्रॅमचा डोस दर चार आठवड्यांनी दंडात, मांडीत किंवा पोटावर कातडीखाली देतात. स्वतःच्याच रक्तातला सीरम काढून टोचण्याचा स्वस्त उपचारही आपल्याकडे करतात. त्यामागचा पुरावा मात्र कमकुवत आहे.

गैरसमज : गोळी लागू पडली नाही की थेट इंजेक्शन.
वस्तुस्थिती : त्याआधी एक पायरी आहे. फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, लिव्होसेट्रिझिन यांसारखी नवी अँटिहिस्टामिनं खाज येईल तेव्हा नव्हे, रोज घ्यायची असतात. एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवू शकतात. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर निभावतं. इंजेक्शन सुरू झालं तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

गैरसमज : पहिल्या डोसने गुण आला नाही, म्हणजे पैसे वाया गेले.
वस्तुस्थिती : इथेच रुग्णांचे अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत. कुणाची खाज आठवड्याभरात थांबते, कुणाला तीन-चार डोस लागतात. रक्तातलं एकूण आयजीई खूप कमी असेल तर प्रतिसाद उशिरा येण्याची किंवा न येण्याची शक्यता जास्त. म्हणून सहसा सहा महिन्यांपर्यंत वाट पाहतात. मंजुरीमागच्या तीन मोठ्या चाचण्यांत 300 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 34 ते 44 टक्के रुग्ण बाराव्या आठवड्यात पूर्ण गांधीमुक्त होते. औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आत होतं. म्हणजे गुण ठोस आहे, पण सगळ्यांना सारखा नाही.

गैरसमज : एकदा सुरू केलं की जन्मभर सुटत नाही.
वस्तुस्थिती : या इंजेक्शनची सवय लागत नाही. ते आजार मुळापासून उपटत नाही, काबूत ठेवतं. आजार बहुतेकांत काही वर्षांनी आपोआप शमतो. तोवर थांबवलं तर पित्त परतू शकतं. सहा महिन्यांनी औषध बंद केलेल्यांपैकी सुमारे 60 टक्के लोकांचा त्रास पुन्हा वाढल्याचं एका चाचणीत दिसलं. चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे 20 टक्के होतं. परत सुरू केल्यावर बहुतेकांना पुन्हा गुण येतो. म्हणून काही काळ अंग स्वच्छ राहिलं की डॉक्टर दोन डोसमधलं अंतर हळूहळू वाढवून बघतात.

गैरसमज : फार धोक्याचं आहे. किंवा : अजिबात धोका नाही.
वस्तुस्थिती : डोकेदुखी आणि टोचल्या जागी दुखणं हे नेहमीचे त्रास. ॲनाफिलॅक्सिस ही तीव्र प्रतिक्रिया हजारात एक-दोघांना होऊ शकते, म्हणूनच सुरुवातीच्या डोसांनंतर दवाखान्यात थांबवून घेतात. घाईत निघून जाऊ नये.

गैरसमज : थंडीने उठणाऱ्या पित्तावरही हेच इंजेक्शन.
वस्तुस्थिती : निफाडचा पारा घसरला की ज्यांच्या अंगावर गांधी येतात त्यांचा आजार वेगळ्या गटातला असू शकतो, बर्फाचा तुकडा हातावर ठेवून त्याची तपासणी करतात. 2014 ची मंजुरी कारणाविना उठणाऱ्या पित्तापुरती आहे. थंडीचं पित्त असलेल्याने हिवाळ्यात रामकुंडात एकदम बुडी मारू नये. रक्तदाब कोसळून बेशुद्ध पडण्याचा धोका असतो.

राहिला खर्च. बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती इंजेक्शनं, आल्याने तो काहीसा कमी झाला, तरी महिन्याला झेपेलच असं नाही. विमा नियामकाच्या 2019 च्या आधुनिक उपचारांच्या यादीत मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं आहेत, आणि ओमालिझुमॅब त्याच प्रकारचं. पण मर्यादा आणि दाखल होण्याच्या अटी पॉलिसीगणिक बदलतात. सुरू करण्याआधीच विमा कंपनीला लेखी विचारावं.

उपचार लागू पडतोय का, हे आठवणीवर ठरवू नका. रोज खाजेला शून्य ते तीन आणि गांधींना शून्य ते तीन गुण द्या आणि सात दिवसांची बेरीज करा. जास्तीत जास्त 42 येतील. सहा किंवा त्याहून कमी आले तर आजार चांगला आटोक्यात आहे. हा कागद डॉक्टरांना दाखवा. एखादी गांध 24 तासांहून जास्त टिकून काळा-निळा डाग ठेवत असेल तर तेही सांगा, कारण तो वेगळा आजार असू शकतो. आणि जीभ सुजली किंवा श्वास अडला, तर पुढच्या डोसची वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा.