लग्नाची जुनी सीडी पेनड्राइव्हवर घेताय? दुकानदाराला आधी हा प्रश्न विचारा

देवरूख : मे महिन्यात दादा मुंबईहून आला तो कपाटातल्या डीव्हीडी काढूनच बसला. त्याचं लग्न २००७ सालचं. घरात आता डीव्हीडी प्लेअर नाही, नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागा नाही. म्हणून दोन्ही डिस्क आम्ही बाजारात एका दुकानात दिल्या. तासाभरात पेनड्राइव्ह हातात. स्वस्तात काम झालं म्हणून आम्ही खूश.

रात्री टीव्हीला लावलं. हळदीच्या आदल्या रात्री घाणा भरताना आजी गात होती, तो भाग आला. आजी आता नाही आणि तिचं हलतं-बोलतं चित्र आमच्याकडे एवढंच. पडद्यावर आजीच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन हलत होते. आई म्हणाली, "आवाज तिचाच हाय, पण तोंड कुठाय?"

शेजारच्या जुन्या प्लेअरवर मूळ डिस्क लावून बघितली, तर आजी नीट दिसत होती. म्हणजे डिस्क चांगली होती. घोटाळा झाला तो डिस्कवरून फाइल करताना. तो का होतो हे समजून घेतलं, ते सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो.

व्हिडिओ 'बांधावा' का लागतो?

डीव्हीडीवरचं एक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. ती जशीच्या तशी साठवली तर एका तासाला ५० जीबीच्या वर जागा लागेल. साध्या डीव्हीडीत मावतं ४.७ जीबी. म्हणून व्हिडिओ दाबून, बांधून ठेवावा लागतो. यालाच एन्कोडिंग म्हणतात.

यातली युक्ती सोपी आहे. मंडपाचा पडदा मागे तसाच आहे, फक्त भटजींचा हात हलला. मग पडदा पुन्हा कशाला लिहायचा? हात कुठून कुठे गेला तेवढंच लिहायचं. मागच्या चित्रातला कुठला तुकडा पुढच्या चित्रात कुठे सरकला, हे शोधणं हेच एन्कोडिंगमधलं मोठं काम. शोध जितका बारकाईने, तितक्या कमी जागेत चित्र चांगलं राहतं.

दोन पद्धती : सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर

आंब्याची पेटी भरण्याचं उदाहरण घ्या. जाणता माणूस प्रत्येक फळ हातात घेतो, कुठलं खाली, कुठलं वर, पेंढा कुठे जास्त, हे बघून भरतो. वेळ लागतो, पण त्याच पेटीत माल नीट बसतो. यंत्राने भरायचं तर ठरलेल्या साच्यातून फळं भराभर पडतात. काम झटपट, पण नरम फळ कुठलं हे यंत्र थांबून बघत नाही.

सॉफ्टवेअर एन्कोडिंग म्हणजे तो जाणता माणूस. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हे काम करतो. तुकडे लांबवर शोधतो, पुढची बरीच चित्रं आधी बघून ठेवतो आणि अवघड जागेला जास्त माप देतो. एक्स२६४ हे त्यातलं सगळ्यात वापरातलं सॉफ्टवेअर, तेही फुकट.

हार्डवेअर एन्कोडिंग म्हणजे ते यंत्र. चिपमध्ये याच कामासाठी वेगळी जागा कोरलेली असते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून 'क्विक सिंक' आहे, एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डात २०१२ पासून 'एनव्हीएनसी' आहे. तुमच्या मोबाईलमध्येही अशीच सोय आहे. शूटिंग करताना चित्र त्याच क्षणी बांधावं लागतं, तिथे विचार करत बसायला वेळ नसतो. म्हणून ही पद्धत वाईट नाही. व्हिडिओ कॉल, थेट प्रक्षेपण, मोबाईलचं शूटिंग तिच्यामुळेच जमतं, बॅटरीही वाचते.

फरक दिसतो तो फाइल लहान ठेवली की. तेवढ्याच जागेत सॉफ्टवेअरचं चित्र बहुतेक वेळा जास्त स्वच्छ येतं. २०१८ नंतरच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डांनी हे अंतर बरंच कमी केलंय. पण दुकानातला संगणक जुना असेल आणि फाइलही लहान हवी असेल, तर नुकसान ठरलेलं.

आपल्याकडे फरक कुठे दिसतो?

मागचा पडदा स्थिर आणि माणूस समोर बसून बोलतोय, अशा चित्रात दोन्ही पद्धती चालतात. अडचण येते ती आपल्या नेहमीच्या प्रसंगांत.

शिमग्याची पालखी नाचते, गुलाल उडतो, तेव्हा प्रत्येक ठिपका बदलत असतो. मार्लेश्वरला संक्रांतीच्या लग्नसोहळ्याचं शूटिंग असेल, मागे धारेश्वर धबधबा पडतोय, तर पाण्याचा कुठलाच तुकडा मागच्या चित्रासारखा नसतो. जाखडीत गोल फिरणारी पोरं, नमनात रात्रीच्या दिव्यातली सोंगं, तीच गत. अंधारातले बारीक फरक घाईत पहिले उडतात. आमच्या आजीचं तेच झालं. एका बल्बच्या उजेडात ती बसली होती.

आम्ही तीच डिस्क जुन्या लॅपटॉपवर 'हँडब्रेक' या फुकट सॉफ्टवेअरमधून पुन्हा बांधली. दुकानात घाईत झालं ते काम आमच्याकडे रात्रभर चाललं. त्यात मध्ये लाईट गेली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. पण सकाळी आजीचं तोंड दिसलं. फाइल दुकानातल्या एवढीच होती.

दुसऱ्या डिस्कचं मात्र जमलं नाही. वरात अर्ध्यावर थांबते, दुकानातल्या फाइलमध्येही आणि आमच्याकडेही. लेखनाच्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, तो वर्षांनी खराब होतो. त्यात कोकणातला पावसाळा, डिस्कवर बुरशी धरते. डिस्कच वाचली जात नसेल तर पद्धत कुठलीही असो, उपयोग नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच : डिस्क उतरवून घ्यायची घाई करा, ती लहान करायची घाई करू नका.

काय कराल?

१. आधी जशीच्या तशी नक्कल घ्या. डीव्हीडीत 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर असतं, सीडीत 'एमपीईजीएव्ही'. ते पूर्ण कॉपी करा. यात एन्कोडिंग होत नाही, म्हणून चित्र बिघडत नाही. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशा बारा-तेरा भरलेल्या डीव्हीडी मावतात. ही नक्कल दोन ठिकाणी ठेवा.

२. दुकानात विचारा : "हार्डवेअरने करणार की सॉफ्टवेअरने?" यादीत एनव्हीएनसी किंवा क्यूएसव्ही निवडलं असेल तर ते हार्डवेअर, एक्स२६४ असेल तर सॉफ्टवेअर. जपून ठेवायच्या फाइलला एक्स२६४ सांगा आणि डिस्क एक रात्र ठेवून या.

३. घरी हँडब्रेकवर करत असाल तर गुणवत्तेचा आकडा १८ ते २२ मध्ये ठेवा. आकडा कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. हाच आकडा हार्डवेअरला दिला तर तसंच चित्र येईल असं समजू नका.

४. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर 'डीइंटरलेस' करायचं राहिलंय. जुनं शूटिंग डब्याच्या टीव्हीसाठी एकाआड एक ओळीने व्हायचं, म्हणून तसं दिसतं.

५. "फुल एचडी करून देतो" याला भुलू नका. सीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीच्या चौथाईएवढंच. नसलेला बारकावा नुसत्या मोठ्या आकाराने येत नाही, फाइल मात्र फुगते.

६. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांचा तुकडा पाठवायचा असेल तर खुशाल हार्डवेअरने करा. तिथे व्हिडिओ तसाही पुन्हा दाबला जातो.

७. डिस्क पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल गोल घासू नका. आणि फाइल उघडून स्वतः शेवटपर्यंत बघितल्याशिवाय मूळ डिस्क टाकू नका.

हे सगळं आपल्या घरच्या शूटिंगसाठी. बाजारातल्या सिनेमांच्या डिस्कवर कॉपीराइट असतो, त्यात पडू नका.

गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा घर भरलेलं असेल, जुनं काहीतरी लावा म्हणून पोरं मागे लागतील. त्याआधी एकदा कपाट उघडा. पाऊस सुरू झालाय, डिस्क तेवढी वाट बघेलच असं नाही.